लाव्हाच्या दोन थरांमधली तळी

परभणी जिल्ह्यात विहीर खोदायला घेतली की क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी काळी माती, मग मुरूम, मग कुदळीला थोडाफार दाद देणारा मांजऱ्या, आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. नदीकाठची गोष्ट वेगळी. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठाने गाळाची जमीन आहे. पण नदी सोडून थोडे आत गेले, की जिंतूरच्या डोंगरांपासून गंगाखेडच्या माळापर्यंत पायाखाली खडक एकच: बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. नेमगिरीची जैन लेणी त्यातच खोदलेली, चारठाण्याची मंदिरे त्याच दगडाची, आणि कापूस-सोयाबीनची काळी जमीनही त्याच खडकाची झीज होऊन तयार झालेली.

हा लाव्हा एकाच दमात आलेला नाही. एक लोंढा यायचा, पसरायचा, थिजायचा. मग पुढचा. दोन लोंढ्यांच्या मध्ये कधी काही वर्षे जात, कधी हजारो. या विश्रांतीच्या काळात खडकाचा पृष्ठभाग ऊन-पावसात कुजे, त्यावर माती धरे, आणि पुढचा लोंढा ती माती भाजून काढून झाकून टाकी. दख्खनच्या विहिरींत आणि घाटरस्त्यांच्या कापात काळ्या खडकाच्या मधोमध विटकरी लाल पट्टा दिसतो, तो बहुधा असाच बनलेला. विश्रांती लांबली आणि जागा सखल असली तर तिथे पाणी साचे, तळे होई, झरे येऊन मिळत. तळ्याच्या तळाशी गाळ बसे आणि त्या गाळात तिथल्या जिवांचे अवशेष राहत. पुढच्या लाव्हाने तळे गाडले जाई, गाळ मात्र दोन दगडी थरांमध्ये शाबूत राही. भूशास्त्रज्ञ या गाळाच्या थरांना इंटरट्रॅपियन थर म्हणतात.

असे थर दख्खनच्या पठारावर सगळीकडे सारखे मिळत नाहीत. लाव्हाची जाडी जिथे कमी होत जाते त्या कडांवर ते अधिक आणि चांगले सापडतात: नागपूर, चंद्रपूर, छिंदवाडा, तेलंगणातले आदिलाबाद-निर्मल, कर्नाटकातले कलबुर्गी, गुजरातेतले कच्छ. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असे परभणीकर कौतुकाने म्हणत असले, तरी जीवाश्मांच्या प्रसिद्ध स्थळांच्या यादीत परभणीचा नंबर लागत नाही. जिल्हा त्या लाव्हाच्या ऐन पसाऱ्यात बसलेला आहे. तरीही हे प्रकरण परभणीपासूनच सुरू करावे लागते, कारण इथून वाहणारी गोदावरी पुढे ज्या मुलखातून जाते, तिथेच या गोष्टीतले पहिले आणि शेवटचे महत्त्वाचे पुरावे पडलेले आहेत. शिवाय परभणीच्या पायाखालचा खडक नेमका कधीचा, हा प्रश्न सोडवताना शंभर वर्षांहून अधिक काळ विद्वानांनी ज्या साक्षीदारांची उलटतपासणी घेतली, त्यांत एक साक्षीदार मिलिमीटरभर लांबीचा होता.

त्याचे नाव ऑस्ट्रॅकॉड. खेकडा आणि कोळंबी ज्या कवचधारी प्राण्यांच्या गटात येतात, त्याच गटातला हा अतिशय लहान भाऊबंद. बहुतेकांची लांबी अर्धा ते दोन मिलिमीटर. मुगाच्या दाण्याला जशा दोन डाळी असतात तशी या प्राण्याच्या अंगावर दोन झडपा असतात. त्या पाठीकडे बिजागरीने जोडलेल्या असतात, आणि आत स्वतःला मिटून घेतलेला प्राणी फक्त पाय आणि स्पर्शिका बाहेर काढून पोहतो किंवा चिखलात चालतो. समुद्रात, खाडीत, नदीत, तळ्यात, विहिरीत, पावसाळ्यातल्या डबक्यात, जिथे पाणी तिथे तो. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेसारख्या जुन्या पाणवठ्याच्या तळातला चिखल ओंजळभर घेऊन भिंगाखाली पाहिला तर असे प्राणी दिसण्याची शक्यता चांगली आहे. कित्येक जातींची अंडी पूर्ण सुकून धुळीत पडून राहतात, वाऱ्याने उडतात, पक्ष्यांच्या पायांना चिकटून दुसऱ्या तळ्यात जातात आणि पाणी मिळाले की फुटतात. काही जातींत तर नर लागतच नाही. माद्याच माद्यांना जन्म देतात. नर असलेल्या काही जातींत मात्र निसर्गाने भलताच अतिरेक केला आहे. त्यांचा शुक्राणू प्राण्याच्या स्वतःच्या शरीराहून लांब असतो. म्यानमारच्या सुमारे दहा कोटी वर्षे जुन्या राळेत अडकलेल्या एका मादीच्या शरीरात असे लांबलचक शुक्राणू जसेच्या तसे सापडल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले.

भूशास्त्राला रस आहे तो त्या दोन झडपांत. त्या कॅल्साइटच्या, म्हणजे चुन्याच्या असतात आणि चांगल्या टिकतात. शिवाय वाढताना हा प्राणी कात टाकतो. गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या जाती आठ वेळा कात टाकून प्रौढ होतात, आणि प्रत्येक वेळी जुन्या झडपा गाळात सोडून नव्या बनवतात. एकच जीव आयुष्यभरात नऊ जोड झडपांचा ऐवज मागे ठेवू शकतो. म्हणून मूठभर गाळातून शेकड्यांनी झडपा निघाल्या तरी अभ्यासकाला नवल वाटत नाही. डायनोसॉरचे एक हाड सापडायला नशीब लागते.

गोदावरी परभणी जिल्हा सोडून नांदेडवरून, बासरवरून पुढे जाते, तेव्हा तिच्या उत्तरेला निर्मलचे डोंगर लागतात. जुन्या इंग्रजी लेखनात त्यांना ‘सिचेल हिल्स’ म्हटलेले आहे. परभणीपासून सरळ रेषेत हे अंतर दीडशे किलोमीटरच्या थोडे पुढे. निजामाच्या काळात दोन्ही भाग एकाच राज्यात होते. मद्रासच्या वैद्यकीय सेवेतला जॉन ग्रँट माल्कमसन हा डॉक्टर या मुलखातून, हैदराबाद ते नागपूरच्या वाटेवर, खडक पाहत हिंडला. लाव्हाच्या खडकांत अडकलेल्या गारगोटीसारख्या कठीण दगडात त्याला गोगलगायींचे शंख, शिंपले, पाणवनस्पतींची बीजे आणि बारीक झडपा दिसल्या. त्याचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेत १८३७ मध्ये वाचला गेला आणि १८४० मध्ये छापला गेला. जीवाश्मांची वर्णने जेम्स डी कार्ल सॉवर्बी याने केली. त्या वर्णनांत दोन ऑस्ट्रॅकॉड होते: ‘सायप्रिस सबग्लोबोसा’ आणि ‘सायप्रिस सिलिंड्रिका’. एक गोलसर, दुसरा लांबट. दख्खनच्या ऑस्ट्रॅकॉडची नावनिशी नोंद होण्याची ही सुरुवात. यांतल्या पहिल्या नावाने पुढे मोठा घोळ घातला; तो यथावकाश येईल.

दुसरा टप्पा नागपूरचा, आणि तो एका धर्मोपदेशकाच्या नावावर आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा चालवणे, गोंडांच्या भाषा-चालीरीतींची टिपणे करणे आणि दगड फोडणे हे तिन्ही उद्योग त्याने सारख्याच आवडीने केले. सहकारी रॉबर्ट हंटर याच्याबरोबर त्याला नागपूरजवळच्या टाकळीच्या थरात जीवाश्मांचा मोठा साठा मिळाला. ती टाकळी आज शहराच्या पोटात गेली आहे, आणि हिस्लॉप हे नाव नागपूरकरांना कॉलेजमुळे माहीत आहे, जीवाश्मांमुळे नव्हे. त्याने शंख, फळे, बिया, कीटकांचे पंख, झडपा असे सगळे लंडनला धाडले. झडपा थॉमस रुपर्ट जोन्स याच्या हाती गेल्या. लहान कवचधारी जीवाश्मांचा त्या काळातला हा सर्वांत जाणता माणूस. जोन्सने नागपूरच्या ऑस्ट्रॅकॉडवरचे टिपण १८६० मध्ये छापले. त्यात त्याने वर्णन केलेली एक जात आज ‘गॉम्फोसिथेरी स्ट्रँग्युलाटा’ म्हणून ओळखली जाते आणि अजूनही दख्खनच्या जीवाश्मांच्या याद्यांत येते.

हिस्लॉपने जोन्सला आणखी एक ऐवज पुरवला, तो चंद्रपूर भागातल्या मांगलीचा. तिथल्या लाल वालुकाश्मात दोन झडपांचे, पण ऑस्ट्रॅकॉडहून वेगळ्या कुळातले कवचधारी सापडले. त्यांच्या झडपांवर वाढीच्या रेषा असतात आणि ते तात्पुरत्या डबक्यांत राहतात. जोन्सने त्यांना मांगलीचेच नाव दिले: ‘एस्थेरिया मांगालिएन्सिस’. हा खडक लाव्हाच्या फार आधीचा, ट्रायसिक काळातला. एका माणसाने विदर्भातल्या दोन ठिकाणांहून दोन वेगळ्या युगांचे इवले साक्षीदार गोळा केले, ही कामगिरी लहान नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पावसाने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. वय पंचेचाळीस.

आता मुद्द्याचा प्रश्न. मिलिमीटरभर झडपेवरून खडकाचे वय कसे कळावे?

झडपेवर तारीख नसते. पण जाती येतात आणि जातात. एखादी जात थोडाच काळ जगली, पण त्या काळात दूरवर पसरली, मुबलक होती आणि सहज ओळखू येते, तर तिचा माग खुणेसारखा वापरता येतो. जिथे ती सापडेल तो थर त्या काळाचा. समुद्री खडकांसाठी अमोनाइट हे शंखधारी प्राणी आणि फोरॅमिनिफेरा हे कवच असलेले एकपेशी जीव हे काम करतात. तळ्यांच्या आणि नद्यांच्या गाळात ते नसतात, आणि तिथे ऑस्ट्रॅकॉडची गरज पडते. दक्षिण इंग्लंडमधल्या पर्बेक आणि वील्डन खडकांचे, म्हणजे क्रेटेशियस काळाच्या पूर्वार्धातल्या गोड्या-निमखाऱ्या पाण्याच्या गाळांचे, बारीक विभाग ‘सायप्रिडिया’ या वंशाच्या जातींवरून पाडले गेले. चीनमधल्या दाचिंगच्या तेलक्षेत्राचे खडक क्रेटेशियस काळातल्या मोठ्या तळ्यांत तयार झाले. तिथेही विहिरींतल्या थरांचा मेळ घालायला ऑस्ट्रॅकॉड वापरतात. ब्राझीलमध्ये तर रेकोंकावोच्या खोऱ्यातल्या त्या काळाचे स्थानिक विभागच ऑस्ट्रॅकॉडच्या आधारे ठरवलेले आहेत. तेल शोधणाऱ्याला हे प्राणी सोयीचे पडतात, कारण छिद्रणयंत्रातून वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्यातही अख्खी झडप मिळू शकते. डायनोसॉरचे हाड त्या चुऱ्यात मिळाले तरी ओळखू येणार नाही.

इंग्लंड-चीनमध्ये जमलेले दख्खनमध्ये सहज जमायला हवे होते. जमले नाही.

हिस्लॉपने आपल्या शंख-शिंपल्यांवरून हे थर टर्शरी काळातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे मानले. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणातल्या विल्यम ब्लॅनफर्डचा कल क्रेटेशियसकडे, म्हणजे डायनोसॉरच्या काळाकडे होता. वाद मिटला नाही. १९३४ मध्ये बिरबल साहनी यांनी ‘करंट सायन्स’मध्ये हाच प्रश्न शीर्षकात टाकून लेख लिहिला आणि वनस्पतींच्या पुराव्यावरून टर्शरीच्या बाजूने वजन टाकले. साहनी हे भारतीय पुरावनस्पतिशास्त्राचे अध्वर्यू, त्यामुळे त्यांच्या मताचा दबदबा होता. पुढे किरणोत्सारी मोजमापे आली, पण पहिल्या पिढीची पोटॅशियम-आर्गॉनची वये एकमेकांपासून कोट्यवधी वर्षांनी दूर पडत. बेसाल्टची झीज झालेली असली की आर्गॉन निसटतो आणि खडक उगाच तरुण दिसतो.

कोंडी फुटली ती १९८६ मध्ये. व्हिन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी लाव्हात गोठलेल्या चुंबकीय दिशा तपासल्या. जाड थरांचा मोठा भाग एकाच उलट्या चुंबकीय कालखंडात बसतो, त्याच्या खाली आणि वर सुलट खंड आहेत. उलटा खंड म्हणजे २९-आर, आणि डायनोसॉरांचा शेवट याच खंडात, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला. पुढे २०१५ मध्ये ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या लाव्हाच्या मधल्या लाल थरांत मिसळलेल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉनचे कण वेचून त्यांची वये काढली. मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षांत आटोपला, असा त्यांचा निष्कर्ष. शेतकऱ्याला विहिरीत नकोसा वाटणारा लाल थर असा घड्याळाच्या कामी आला.

म्हणजे साहनी आणि ब्लॅनफर्ड दोघेही थोडे थोडे बरोबर होते. लाव्हा सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पडलेला आहे. पण मग प्रश्न आणखी बारीक झाला. अमुक तळे सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे? इथे ऑस्ट्रॅकॉड परत रंगमंचावर आले, आणि या वेळी त्यांची नीट ओळखपरेड झाली.

पहिली पाळी सायप्रिस सबग्लोबोसाची. सॉवर्बीने हे नाव जीवाश्माला दिले होते. पुढच्या अभ्यासकांना आजच्या तळ्यांत आणि भातखाचरांत एक गोलसर ऑस्ट्रॅकॉड दिसला, तो सॉवर्बीच्या चित्रासारखा वाटला, आणि त्यांनी त्याला तेच नाव लावले. बघता बघता भारत आणि आग्नेय आशियातला एक जिवंत प्राणी निर्मलच्या डोंगरातल्या जीवाश्माचे नाव घेऊन वावरू लागला. कागदोपत्री ही एकच जात साडेसहा कोटी वर्षे जशीच्या तशी टिकून राहिलेली! अशी जात कालमापनाला काय कामाची? वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे रॉबिन व्हॅटली, भारताचे सुनील बाजपेयी आणि लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे जॉन व्हिटेकर यांनी माल्कमसनचे मूळ नमुने पुन्हा तपासून २००३ मध्ये निकाल दिला: जीवाश्म आणि जिवंत प्राणी एक नव्हेत. जीवाश्माची रवानगी आता ‘पॅरासिप्रेटा’ या वंशात झाली आहे, आणि जिवंत प्राण्याला ‘सायप्रिस ग्रॅन्युलाटा’ हे नाव वापरले जाते. इतकी वर्षे चाललेली ही गफलत कुणाच्या आळसामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८४० मध्ये साध्या भिंगाखाली जे दिसत होते तेवढेच सॉवर्बीने काढले होते.

जात ओळखताना आता वेगळ्याच गोष्टी पाहतात. झडपेच्या आतल्या बाजूला, स्नायू जिथे चिकटले होते तिथे ठिपक्यांचे ठसे उरतात. त्यांची मांडणी कुळानुसार बदलते. बिजागरीचे दात, कडेची पट्टी, झडपेवरची छिद्रे, जाळी, काटे हे सगळे मोजले जाते. व्हॅटली आणि बाजपेयी यांनी दख्खनमधून वर्णन केलेल्या ‘झोनोसिप्रिस स्पायरुला’च्या झडपेवर बारीक कंगोरे एकाआत एक वळत जातात, असा प्राणी एकदा पाहिला की विसरत नाही.

हे काम दिसते तितके नाजूक नसते, निदान सुरुवातीला. मऊ गाळाचा नमुना आधी वाळवायचा, फोडायचा, रॉकेलमध्ये किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत घालायचा, चिखल सुटला की बारीक चाळणीतून पाण्याखाली धुवायचा. जे चाळणीत राहील ते वाळवून काळ्या ताटलीत पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक झडप उचलायची. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तिच्यावर सोन्याचा पातळ थर द्यायचा. गारगोटीसारखा झालेला कठीण दगड मात्र असा सुटत नाही. तिथे दगडाचा पातळ काप करून झडपेचा छेद तेवढा पाहायला मिळतो, आणि छेदावरून जात सांगणे धाडसाचे असते. जुन्या याद्यांतली कित्येक नावे आज संशयास्पद वाटतात, त्यामागे हेही कारण आहे.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले एस. बी. भाटिया आणि नंतर आशू खोसला, उदयपूरचे एस. सी. खोसला, बाजपेयी आणि व्हॅटली अशा अनेकांच्या कामातून १९९० नंतर दख्खनच्या ऑस्ट्रॅकॉडची यादी लांबत गेली. त्यातून निघालेली गोष्ट कालमापनाच्या दृष्टीने गैरसोयीची, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मोठी होती. लाव्हाच्या खालच्या लमेटा थरांत, म्हणजे जिथे डायनोसॉरची हाडे आणि अंडी मिळतात तिथे, जे ऑस्ट्रॅकॉड आहेत, त्यांतले बरेच वरच्या इंटरट्रॅपियन थरांतही आहेत. कच्छपासून चंद्रपूरपर्यंत आणि कलबुर्गीपर्यंत तळ्यांमागून तळ्यांत तीच तीच मंडळी. भोवती लाव्हा ओतला जात होता, तळी गाडली जात होती, आणि हे प्राणी शेजारच्या नव्या तळ्यात संसार मांडत होते. सुकी अंडी आणि नरांशिवाय चालणारी वाढ पाहता यात आश्चर्य नाही.

दुसरी गोष्ट अशी की यांतल्या बहुसंख्य जाती भारताबाहेर सापडत नाहीत. त्या काळात भारत हा मादागास्करपासून सुटून आशियाकडे सरकणारा भूखंड होता, त्यामुळे इथल्या तळ्यांत स्थानिक जाती घडल्या. व्हॅटली आणि बाजपेयी यांनी २००६ मध्ये सुचवले की पुढे भारत आशियाला भिडल्यावर यांतली काही घराणी इथून बाहेर पसरली असावीत. मात्र जी जात फक्त भारतात आहे, तिचा काळ बाहेरच्या थरांशी कसा जुळवणार? खुणेच्या जीवाश्माची ‘दूरवर पसरलेली’ ही अटच इथे मोडते. अपवाद थोडे. ‘फ्राम्बोसिथेरी’ हा वंश दक्षिण युरोपातही त्याच सुमाराच्या थरांत आहे, म्हणून दख्खनच्या अभ्यासकांना तो सापडला की हायसे वाटते.

एवढे असूनही या साक्षीदाराने एकदा भल्याभल्यांना अडवले. कच्छमधल्या अंजारला लाव्हाच्या थरांमध्ये गाळाचा पट्टा आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले नरेंद्र भंडारी आणि सहकाऱ्यांना १९९० च्या दशकात तिथे इरिडियमने समृद्ध थर सापडले. इरिडियम पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ आणि अशनींत भरपूर. डायनोसॉरांच्या अंताच्या सीमेवर जगभर इरिडियमचा थर मिळतो, तेव्हा अंजारला तीच सीमा सापडली असा निष्कर्ष निघाला. बाजपेयी आणि जी. व्ही. आर. प्रसाद यांनी २००० मध्ये त्याला हरकत घेतली. इरिडियमच्या थरांच्या वरही डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे होते, आणि तिथले ऑस्ट्रॅकॉडही क्रेटेशियसच्याच शेवटच्या टप्प्याशी जुळणारे होते. म्हणजे सीमा अजून वर असली पाहिजे. एकट्या ऑस्ट्रॅकॉडच्या जोरावर ही हरकत टिकली नसती. अंड्यांच्या कवचाबरोबर ती टिकाऊ झाली. दख्खनमध्ये या प्राण्याची खरी ताकद अशीच आहे: एकटा असताना त्याची साक्ष मोघम, जोडीदार असला की नेमकी.

कधीकधी जोडीदार अगदीच अनपेक्षित असतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरांच्या काळातली, दगड झालेली विष्ठा मोठ्या प्रमाणात मिळते, आणि शास्त्रज्ञ ती आनंदाने गोळा करतात. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे वंदना प्रसाद आणि अशोक साहनी यांच्या चमूने २००५ मध्ये दाखवले, आणि गवत हे डायनोसॉरांच्या काळात नव्हते हा समज मोडीत निघाला. त्याच विष्ठेत गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्रॅकॉडच्या झडपाही आहेत. त्या पाणी पिताना पोटात गेल्या, की पाणवनस्पतींबरोबर, की विष्ठा तळ्यात पडल्यावर चिकटल्या, यावर मतभेद होऊ शकतात. पण ती विष्ठा टाकणाऱ्या प्राण्याजवळ गोड्या पाण्याचे तळे होते, हे तर कुणी नाकारत नाही.

पाणी गोडे की खारे, हे सांगण्यात ऑस्ट्रॅकॉडची बरोबरी फार कमी जीव करतात. प्रत्येक जातीला क्षारांचे ठरावीक प्रमाण मानवते. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचे खेडे आहे. विदर्भाची सीमा तिथून दूर नाही. तिथल्या इंटरट्रॅपियन गाळाचा बराचसा भाग गोड्या पाण्यातला, ओळखीच्या ऑस्ट्रॅकॉडचा. पण मधल्या एका भागात ‘निओसिप्रिडीस रावी’ हा निमखाऱ्या पाण्यातला प्राणी आणि ‘बन्टोनिया’ या वंशातला आणखी एक खाऱ्या पाण्याशी नाते सांगणारा प्राणी मिळाला. सोबत समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगणारे फोरॅमिनिफेरा होते, आणि तेही डायनोसॉर संपल्यानंतरच्या अगदी पहिल्या टप्प्यातले, डॅनियन काळाच्या आरंभीचे. गर्टा केलर, बाजपेयी, धनंजय मोहबे आणि इतरांनी हे २००९ मध्ये मांडले. देशाच्या पोटात, आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, समुद्राचे पाणी पोचले होते. आणि ऑस्ट्रॅकॉड-फोरॅमिनिफेरा एकाच चमचाभर गाळात मिळाल्यामुळे झिलमिलीचे वय स्थानिक जातींच्या मोघम साक्षीवर न राहता जगभरच्या समुद्री कालपट्टीला जोडता आले.

असाच दुवा गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला आहे. तिथल्या खाणींत लाव्हाचे दोन गट आणि मध्ये समुद्री-खाडीचा गाळ आहे. त्या गाळातले फोरॅमिनिफेराही डॅनियनच्या आरंभीचे असल्याचे केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले. त्याच वर्षी स्टीफन सेल्फ आणि इतरांनी रासायनिक घटकांवरून सुचवले, की राजमहेंद्रीचा लाव्हा पश्चिम घाटातल्या वरच्या थरांचाच आहे. जुन्या खोऱ्यांतून तो हजार किलोमीटरहून जास्त वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत गेला. हे खरे असेल तर ते पृथ्वीवरच्या सर्वांत लांब ज्ञात लाव्हाप्रवाहांपैकी असतील. आणि आजच्या परभणी-नांदेडचा मुलूख पश्चिम घाट आणि राजमहेंद्री यांच्या मधोमध पडतो.

झिलमिलीला समुद्र कोणत्या वाटेने पोचला, हा प्रश्न मिटलेला नाही. एक वाट पश्चिमेकडून, नर्मदा-तापीच्या खचलेल्या पट्ट्यातून. दुसरी आग्नेयेकडून, गोदावरीच्या प्राचीन खोऱ्यातून वर. निओसिप्रिडीस रावी ही जात राजमहेंद्रीच्या थरांतूनही नोंदलेली आहे, हे दुसऱ्या वाटेच्या बाजूने बोलते. पण गोड्या पाण्यातले ऑस्ट्रॅकॉड जसे पक्ष्यांच्या पायांवरून प्रवास करतात तसेच खाडीतलेही करू शकतात, ही शंका उरतेच. तिची परीक्षा सरळ आहे. समुद्र गोदावरीच्या बाजूने चढला असेल तर राजमहेंद्री ते छिंदवाडा या दरम्यानच्या डॅनियन थरांत कुठेतरी खाऱ्या पाण्याचे ऑस्ट्रॅकॉड, आणि त्यांच्यासोबत फोरॅमिनिफेरा, चाळणीत यायला हवेत. पश्चिमेकडून आला असेल तर तेच नर्मदा-तापीच्या पट्ट्यात शोधावे लागतील.